ऑपरेशननंतर अंगात त्राण का राहत नाही आणि ते परत कसं आणायचं

प्रश्न: माझं वय ४१. चाळीसगाव तालुक्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डिसेंबरमध्ये पुण्याला वजनाचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. तेव्हा ११८ किलो होते, आता ९१ आहे. शुगर सुधारली, गुडघे हलके झाले. पण दोन महिन्यांपासून अंगात जीवच नाही. सकाळी उठतानाच दमलेली असते, जिना चढले की धाप लागते, एकदम उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. केस मूठमूठ गळतात, तळपायाला मुंग्या येतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाल्ला, तर दोन तासांनी घाम फुटून हात थरथरायला लागले. आमच्यात अंडं-मटण चालत नाही. शुगर, बीपी आणि ॲसिडिटीच्या गोळ्या पूर्वीच्याच चालू आहेत. मल्टिव्हिटॅमिन तिसऱ्या महिन्यात संपली, ती परत आणली नाही. हिमोग्लोबिन १०.२ आलंय, बाकी तपासण्या केल्या नाहीत. गावातले डॉक्टर सलाईन लावतात, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, "नही खाशी ते ताकद कथाईन ई?" (खाणार नाहीस तर ताकद कुठून येईल?) शाळा सुरू व्हायच्या आत ताकद यावी म्हणून काय करू?

उत्तर:

ताई, सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे. फक्त त्याचं उत्तर "जास्त खा" असं नाही. तुमचं जठर आता केळ्याएवढं उरलंय, पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही जास्त कापून काढलाय. त्यात जास्त मावणार नाही आणि मावायलाही नको. जे थोडं मावतं त्यात काय जातं, यावर तुमची ताकद ठरणार आहे. मी जळगावात बसून गेली बरीच वर्षं असे पेशंट पाहते. ऑपरेशन पुण्याला, मुंबईला, नाशिकला किंवा सुरतेला होतं, आणि नंतरचं सगळं निस्तरायचं असतं इथे, जिथे ऑपरेशन करणारा डॉक्टर दोन-चारशे किलोमीटर लांब असतो. म्हणून सविस्तर लिहिते.

ऑपरेशननंतर पहिले चार-सहा आठवडे थकवा येतोच. शरीर पातळ खाण्यावर असतं, जखम भरत असते. पण पाचव्या महिन्यात थकवा कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर तो "वजन उतरतंय ना, मग होणारच" म्हणून सोडून द्यायचा नाही. तुमच्या पत्रात मला एक नाही, निदान चार कारणं दिसतात.

सगळ्यात आधी सलाईनबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे.

आपल्या खान्देशात "अशक्तपणा आला, एक बाटली लावून घेऊ" ही सवय घरोघरी आहे. त्या बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरीसुद्धा नाहीत. त्यात प्रोटीन नाही, लोह नाही, बी-१२ नाही. मग दोन दिवस बरं का वाटतं? कारण तुम्हाला पाणी कमी पडतंय. बाटलीनं तरतरी येते, हीच त्याची खूण. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि तुमच्या जठरात एका वेळी अर्धा पेलाही मावत नाही. पूर्वी उन्हातून आल्यावर तुम्ही तांब्याभर पाणी गटागटा प्यायचात, ते आता जमत नाही आणि त्याऐवजी दुसरं काही तुम्ही सुरू केलं नाही. पूर्वीच्याच डोसची बीपीची गोळी त्यात भर घालते.

पण सलाईनचा खरा धोका वेगळा आहे. शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणं अगदी कमी असेल, उलट्या होत असतील, गोळ्या बंद असतील, तर तो लवकर संपतो. साखरेतून ऊर्जा काढायला पेशींना थायमिन लागतं. अशा रिकाम्या झालेल्या शरीरात ग्लुकोजची बाटली सोडली की उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्च होतं आणि मेंदूवर आघात होतो. डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. माझ्याकडे तिशीतला एक तरुण आणला होता. वजनाचं बायपास ऑपरेशन झालेला, तीन आठवडे उलट्या, आणि वाटेत दोन ठिकाणी ग्लुकोजच्या बाटल्या लावलेल्या. मी लगेच शिरेतून थायमिन सुरू केलं. डोळे दोन दिवसांत सुधारले, पण चाल पूर्ववत व्हायला महिने गेले. अंधारात तो आजही भिंतीला हात लावत चालतो. ती बाटली लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांना ऑपरेशनचं कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून यापुढे कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकताच सांगा: "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय. आधी थायमिन द्या, मग ग्लुकोज." हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे. तुमच्या तळपायाच्या मुंग्या बी-१२ मुळे असतील असं मला जास्त वाटतं. पण वारंवार उलट्या होत असतील, चालताना झोकांडी जात असेल किंवा नजर विचित्र झाली असेल, तर तपासण्यांची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

आता खाणं. तुम्ही दिवसभरात काय खाता ते लिहिलं नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांचं साधारण सारखंच असतं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, मग एक केळं, दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री थोडी खिचडी. पोट भरतं, मन भरतं. पण यातलं प्रोटीन मोजलं तर पंधरा-वीस ग्रॅमच्या वर जात नाही. तुम्हाला रोज किमान ६० ग्रॅम हवं, शक्यतो ७०. तेवढं मिळालं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. काट्यावर वजन उतरलेलं दिसतं आणि आपण खूश होतो, पण त्यात मांड्यांचे स्नायूही गेलेले असतात. जिना चढताना धाप लागते त्यात रक्ताच्या कमतरतेइतकाच स्नायूंचा हा झिजलेपणाही असतो. केस गळण्यात ऑपरेशनचा ताण आहे आणि प्रोटीन-लोहाची कमतरताही. वजन भराभर उतरताना तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस जातातच, पुढे ते परत येतात. घाबरू नका, पण प्रोटीन वाढवा.

केळ्याबद्दल थोडं बोलावंच लागेल. जळगावचं केळं आपला अभिमान आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि ताकद यावी म्हणून आपण आजाऱ्याच्या हातात पहिल्यांदा केळंच देतो. पण एका केळ्यात प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम, बाकी बहुतेक साखर आणि पिष्ट. तुमच्या छोट्या जठरात केळ्यानं जागा घेतली की पनीरला जागा उरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धं केळं दह्याबरोबर खा, चालेल. ताकदीचं अन्न म्हणून त्याच्यावर विसंबू नका. भरताचंही तसंच. आपलं जळगावी वांग्याचं भरीत मलाही जिवापेक्षा प्रिय, पण वांग्यात प्रोटीन नाही. भरीत करायचंच तर तेल कमी, शेंगदाणे भरपूर, आणि ते कळण्याच्या भाकरीबरोबर. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, त्यामुळे ती भाकरी साध्या ज्वारीपेक्षा नक्की सरस. खान्देशच्या जुन्या बायकांनी हे मिश्रण उगाच केलं नव्हतं. फक्त पाव-अर्धी भाकरी, नीट चावून.

ताटातला क्रम बदला: प्रोटीन आधी, भाजी नंतर, भाकरी सगळ्यात शेवटी. तुमच्या घरचं शाकाहारी खाणं धरून दिवस असा जमवता येतो. सकाळी दुधात किंवा पाण्यात घातलेलं व्हे प्रोटीन, एका मापात वीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन येतं. ही "पहेलवानांची पावडर" नाही, दुधातूनच काढलेली आहे, आणि पहिलं वर्षभर शाकाहारी माणसाला तिच्याशिवाय ६० ग्रॅम गाठणं फार अवघड जातं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारा. मग न्याहारीला मुगाच्या डाळीचं धिरडं, ४० ग्रॅम डाळीचं, त्यात दहा ग्रॅम. दुपारी पन्नास ग्रॅम पनीर आणि घट्ट वरण. वरणाचं वरचं पाणी नको, तळाची डाळ हवी. संध्याकाळी चहा-बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे. रात्री सोयाच्या वड्यांची मऊ भाजी, वाळल्या वड्या २० ग्रॅम घेतल्या तरी दहा ग्रॅम मिळतात. झोपताना कपभर दूध. एवढं रोज जमलं तर ६० पार होतात.

उपास करत असाल तर साबुदाणा सोडा. तो जवळजवळ नुसतं पिष्ट आहे. उपासाला पनीर, दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा घ्या. देवाला यानं काही वावगं वाटणार नाही.

आखाजीच्या दिवशी काय झालं असावं तेही सांगते. पुरण आणि आमरस यांची साखर छोट्या जठरातून आतड्यात वेगानं उतरली, रक्तातली साखर चढली, शरीरानं घाईघाईत जास्त इन्सुलिन सोडलं, आणि दीड-दोन तासांत साखर गरजेपेक्षा खाली आली. घाम, थरथर, धडधड, डोकं हलकं. याला आम्ही उशिराचं डम्पिंग म्हणतो. ते बायपासनंतर जास्त होतं, पण स्लीव्हनंतरही दिसतं. त्यातच तुमची शुगरची गोळी पूर्वीच्याच डोसची आहे. त्या गोळीत ग्लिमेपिराइड (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारं औषध) असेल तर साखर खाली जाण्याचं कारण एकट्या पुरणावर ढकलता येणार नाही. पाकिटावर नाव वाचा. पुन्हा असं झालं तर त्याच क्षणी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासा, आकडा लिहून ठेवा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून हळूहळू घ्या, बरं वाटलं की लगेच शेंगदाणे किंवा पनीर खा, नाहीतर साखर पुन्हा घसरते. पुढच्या आखाजीला माहेरी जाल तेव्हा आधी जेवा, मग पोळीचा एक घास घ्या, रस नको. आईला हे आधीच समजावून सांगा, म्हणजे झोक्यावर बसल्यावर कुणी आग्रह करणार नाही.

त्या तीन जुन्या गोळ्या हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात सोपा आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित मुद्दा. २७ किलो उतरल्यावर बहुतेकांना बीपीची गोळी कमी लागते, काहींना लागतच नाही. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० नं किंवा जास्त पडत असेल तर डोळ्यांपुढे येणाऱ्या अंधारीचं उत्तर मिळालं. हे दोन आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण "कमी करायची का?" हे त्याच भेटीत ठामपणे विचारा. शुगरचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ चं शोषण कमी करतात. तुमच्या शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल तर तुमच्या बाबतीत दोन्ही चालू, त्यात शाकाहार, त्यात जठर कापलेलं. अन्नातलं बी-१२ सुटं करायला जठराचं आम्ल लागतं आणि ते आतड्यात शोषलं जायला जठरातच तयार होणारा एक घटक लागतो. दोन्ही कमी झालेत. ॲसिडिटीची गोळी ऑपरेशननंतर काही महिने देतात, पण ती किती दिवस घ्यायची हे सर्जनना विचारून ठरवा.

तपासण्या: हिमोग्लोबिन १०.२ कमीच आहे, पण तो नुसता आकडा कारण सांगत नाही. पूर्ण सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, टीएसएच, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, एचबीए१सी एवढं करून घ्या. यात एक गोम आहे. लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकत्र कमी असलं की सरासरी नॉर्मल दिसते आणि रिपोर्टवर सगळं ठीक वाटतं. म्हणून फेरिटिन आणि बी-१२ वेगवेगळं पाहायलाच हवं. आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या एकट्या घेत बसू नका, त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं पण बी-१२ च्या अभावी नसा आतून बिघडत राहतात. लोह घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर एकदा हिमोग्लोबिनचे प्रकार पाहणारी तपासणी करा. नंदुरबार, साक्री, सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांत सिकलसेल आणि सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचा अंश माझ्या पाहण्यात नेहमी येतो. तुम्हाला लागू नसेल, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल.

मल्टिव्हिटॅमिन ही औषधाची बाटली नव्हे, संपली की विषय संपला असं होत नाही. ती जन्मभराची आहे. नुसत्या साध्या एका गोळीनंही भागत नाही. पाळी चालू असलेल्या बाईला ऑपरेशननंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम मूळ लोह (एलिमेंटल आयर्न) लागतं, बी-१२ तोंडातून रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, व्हिटॅमिन डी साधारण ३००० युनिट, आणि कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही सायट्रेट स्वरूपातलं, दोन-तीन वेळा वाटून. लोह आणि कॅल्शियम एकमेकांचे वैरी. दोघांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको. चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. मला तर अशा बायका माहीत आहेत ज्या वर्षभर लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळत होत्या आणि "गोळी लागू पडत नाही" म्हणत होत्या. पोटाला झेपत नसेल किंवा फेरिटिन फारच खाली असेल तर शिरेतून लोह द्यावं लागतं, ते दवाखान्यातच.

आणखी एक विचारायचं राहिलं, आणि ते विचारताना कुणी लाजू नये. मिसरी लावता का, तंबाखूची सवय आहे का? डोकं-गुडघे दुखले की मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या घेता का? दोन्हींमुळे जठराला जखम होऊन रक्त झिरपत राहतं, आणि मग कितीही लोह घातलं तरी गळक्या माठात पाणी भरल्यासारखं होतं. पाळीत रक्तस्राव जास्त जात असेल तर तोही सांगा. शौच काळी होत असेल तर लोहाच्या गोळीमुळे असेलही, पण डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीची असेल तर लगेच दाखवा.

पाण्यासाठी एकच उपाय मला टिकणारा वाटतो. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून ठेवा, संध्याकाळपर्यंत घोट-घोट संपवा, उन्हाळ्यात चौथी. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नको. पातळ ताक चालेल, बीपी परवानगी देत असेल तर चिमूटभर मीठ घालून. उसाचा रस नको, सरबतं नकोत. लघवी फिकट पिवळी होऊ लागली की समजा पाणी पुरतंय.

व्यायाम आज लगेच जोरात सुरू करू नका. प्रोटीन आणि लोह न भरता जिमला जाणाऱ्या मुली मी पाहते, त्या महिन्यात आणखी ढासळतात. सध्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंड वर-खाली. सकाळी सातच्या आत पंधरा मिनिटं चालणं. खाणं सुधारलं की तीन-चार आठवड्यांत वाढवा. चालण्यापेक्षा स्नायूंना ताण देणारा व्यायाम जास्त महत्त्वाचा, कारण गेलेले स्नायू नुसत्या चालण्यानं परत येत नाहीत. पूर्वी घोरण्याचं, झोपेत हवेचा दाब देणारं मशीन लावत असाल तर त्याचं सेटिंग बदलायला हवं, जुन्या दाबानं झोपमोड होते. आणि मन उदास राहत असेल, रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही थकव्याचंच एक रूप आहे, बोलून दाखवा. या ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना ते होतं आणि त्यावर उपचार आहेत. मूल हवं असेल तर ऑपरेशनपासून किमान वर्ष-दीड वर्ष थांबा.

शाळेबद्दल. रिपोर्ट या आठवड्यात केले आणि बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली तर दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला थोडी तरतरी वाटायला हवी. मुंग्या जायला जास्त वेळ लागतो. लोहाची गोळी अंगी लागली तर हिमोग्लोबिन साधारण दोन-तीन आठवड्यांत एक ग्रॅमनं वाढतं, पण साठा भरायला तीन ते सहा महिने. म्हणजे जूनच्या मध्याला शाळा उघडेल तेव्हा तुम्ही अर्ध्या वाटेवर असाल. मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून पहिले दोन महिने वर्गात खुर्ची वापरा, वरच्या मजल्यावरचा वर्ग शक्य असेल तर बदलून घ्या, डब्यात पनीर आणि फुटाणे न्या, टेबलावर पाण्याची बाटली ठेवा. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला, त्यात बंद पडलेल्या मल्टिव्हिटॅमिनचीही रिकामी बाटली टाका, आणि ऑपरेशनचा डिस्चार्ज कार्डाचा कागद वर ठेवा.